त्यागमूर्ती पुरे, रमाईचा हिशोब मांडा

7 फेब्रुवारी आणि 27 मे. वर्षातून दोनदा आपल्या सगळ्यांच्या फोनवर एकच फोटो फिरतो. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू. खाली ठरलेले शब्द: त्यागमूर्ती, मायमाउली, कारुण्याचा सागर. संध्याकाळी वस्तीत कार्यक्रम असतो. मंचावर चार पुरुष, आणि आली तर एखादी नगरसेविका. पहिला वक्ता रमाईनं शेण गोळा करून गोवऱ्या थापल्याचं सांगतो. दुसरा, शाहू महाराजांनी दिलेला भरजरी फेटा साडीसारखा नेसून ती सत्काराला आल्याचं. तिसरा चार लेकरं गेल्याचं सांगतो आणि समोर बसलेल्या बाया डोळ्याला पदर लावतात. चौथा समारोप करतो: आजच्या मुलींनी रमाईचा आदर्श घ्यावा.

माझं भांडण त्या चौथ्या वक्त्याशी आहे. तो वाईट माणूस नाही. बहुतेक वेळा तो आपल्यातलाच असतो, घरातला पहिला पदवीधर, कुठेतरी प्राध्यापक किंवा बँकेत. पण त्याच्या एका वाक्यात एका बाईची उपासमार ही बाकी सगळ्या बायांसाठी नेमून दिलेला अभ्यासक्रम होऊन जाते. भूक लागली तर गप्प राहा, लेकरू दगावलं तर गप्प राहा, नवरा शिकतोय. आणि हे बोलणारा माणूस दर 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळल्याच्या आठवणीत पोस्टही टाकतो.

आधी जे ठाऊक आहे ते बघू. रमाबाईंचा जन्म दापोलीजवळच्या वणंदचा. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात मासळीच्या टोपल्या वाहायचे. आईवडील लवकर गेले, काका-मामांनी मुंबईत आणलं. 1906 साली भायखळ्याच्या बाजारात, दिवसभराचा बाजार उठल्यावर, रात्री लग्न लागलं. नवरी नऊ वर्षांच्या आसपास, नवरा चौदा-पंधराचा. 1912 च्या डिसेंबरात यशवंत झाला. पुढच्या फेब्रुवारीत सासरे रामजी सकपाळ गेले आणि जुलैत नवरा न्यूयॉर्कला गेला. तो परतला 1917 च्या ऑगस्टमध्ये. 1920 च्या जुलैत पुन्हा लंडन, परत 1923 च्या एप्रिलमध्ये. म्हणजे जवळजवळ सात वर्षं परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत, दीर, जाऊ, पुतण्या आणि पोटची लेकरं यांच्यात ही बाई होती आणि नवरा समुद्रापलीकडे होता. पुढे 1930 पासून गोलमेज परिषदा, म्हणजे पुन्हा लंडन. पाच मुलं झाली, एकटा यशवंत जगला. धाकटा राजरत्न 19 जुलै 1926 ला गेला. त्यानंतर बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्या धक्क्यातून आपण दोघं कधी सावरू असं वाटत नाही, असा त्याचा आशय आहे. राजगृह बांधून झालं, पण त्या घरात रमाबाईंना फार दिवस मिळाले नाहीत. 27 मे 1935 ला त्याच घरात त्या गेल्या.

आता दुसरी यादी बघा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड होती, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात नोकरीचा करार. हे आपल्याला तोंडपाठ आहे. शाहू महाराजांची मदत ठाऊक आहे. नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज ठाऊक आहे. सिडनहॅम कॉलेजातला 450 रुपयांचा पगार ठाऊक आहे. त्यातली काही ठरावीक रक्कम घरखर्चाला देऊन उरलेले पैसे लंडनसाठी साठवले, हेही चरित्रात आहे. प्रत्येक देणाऱ्याचं नाव आहे, बहुतेकांचा आकडाही आहे. मात्र त्या ठरावीक रकमेत दोन खोल्या कशा चालल्या, गोवऱ्यांचे किती आणे आले, कुणाच्या औषधाला पैसे कमी पडले, याची नोंद कुठल्याही वहीत नाही. महाराजांनी दिलं त्याला आपण देणगी म्हणतो, मित्रानं दिलं त्याला कर्ज, कॉलेजनं दिलं त्याला पगार. बायकोनं दिलं त्याला मात्र त्याग म्हणतो. त्याग म्हटलं की आकडा लिहायची गरज उरत नाही, आणि परतफेडीचा तर प्रश्नच येत नाही.

माझा सगळा आक्षेप एवढ्यात आला. पण तो नीट पटावा म्हणून धारवाडची गोष्ट सांगते, कारण तीच सगळ्यात जास्त सांगितली जाते आणि तीच सगळ्यात चुकीची ऐकली जाते.

बाबासाहेबांचे सहकारी वराळे धारवाडला आपल्या मुलांसाठी वसतिगृह चालवत. रमाबाई काही दिवस तिथं राहायला गेल्या होत्या. एके दिवशी वसतिगृहातली मुलं दिसेनात, आवाज नाही, खेळ नाही. विचारलं तर कळलं की धान्य संपलंय, पोरं उपाशी आहेत, सरकारी अनुदान अजून आलेलं नाही. रमाबाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, त्यावर किराणा आला, पोरं जेवली. मुलांनी त्यांना आई म्हटलं. रमाबाईंची रमाई झाली ती अशी, असं सांगतात.

मी ही गोष्ट मंचावरून कितीतरी वेळा ऐकली आहे. वक्ता नेहमी बांगड्यांवर थांबतो. तिथं आवाज चढतो, टाळ्या पडतात. अनुदान अजून आलेलं नाही, या वाक्यावर मात्र मी आजवर कुणाला थांबताना पाहिलेलं नाही. ते वाक्य गोष्टीत पावसासारखं येतं. पाऊस लांबला, अनुदान लांबलं. आपल्या पोरांचं अनुदान लांबतंच, त्यात विचारायचं काय? मग कुणातरी बाईच्या हातात बांगड्या असाव्यात, आणि त्या काढून द्यायची तिची दानत असावी.

आता ही गोष्ट आजच्या एखाद्या विद्यापीठात आणून ठेवा. शिष्यवृत्ती सहा महिने, आठ महिने अडकलेली असते. पोर्टलवर अर्ज ‘प्रलंबित’ दिसतो. विभागाचं म्हणणं असतं की बँकेकडे विचारा, बँकेचं म्हणणं असतं की आधार जोडणी तपासा, महाविद्यालयाचं म्हणणं असतं की फी भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेता येणार नाही. पोरं मेसचं बिल थकवतात. आणि मग घरी फोन जातो. तो फोन बहुतेक वेळा आई उचलते. दुसऱ्या दिवशी ती बचत गटाकडे जाते, नाहीतर दर आठवड्याला दारात वसुलीला येणाऱ्या मायक्रोफायनान्सवाल्याकडे, नाहीतर कानातलं गहाण ठेवायला. सरकारनं वेळेवर न दिलेला पैसा तोवर कुठून येतो? तो आपल्या आयांच्या अंगावरून येतो, आणि त्यावर व्याजही त्याच भरतात. उशिरा आलेली शिष्यवृत्ती व्याजासकट येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ही व्यवस्था अशी चालू शकते, कारण तिला खात्री आहे की घरात एक रमाई आहे. अनुदान लांबवणाऱ्या बाबूला ते ठाऊक असतं. प्रवेश रद्द करण्याची नोटीस काढणाऱ्या संस्थेलाही. त्यामुळे आपण जेव्हा बांगड्यांना टाळ्या वाजवतो तेव्हा त्या बाबूची बाजू घेतो. हे कडू आहे, पण मला दुसरं काही दिसत नाही.

माझ्या स्वतःच्या फेलोशिपचा हप्ता एकदा सात महिने आला नाही. त्या काळात मी महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात होते आणि माझी आई यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचत होती. माझ्या दहावीपासूनच्या प्रत्येक अर्जावर आईच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलेलं आहे. निंदणाला जाणारी, वेचणीला जाणारी, लग्नसराईत भांडी घासायला जाणारी बाई कागदावर गृहिणी. शाळेतल्या बाबूनं तसं भरलं, मग पुढच्या प्रत्येक बाबूनं मागचं बघून तसंच भरलं. तुमच्यापैकी कितीजणांच्या कागदांवर हेच आहे, एकदा काढून बघा.

2019 च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरातल्या बिनमोबदल्याच्या कामात बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवते आणि पुरुष 97 मिनिटं, असा आकडा आला. तो हे काम करणाऱ्या सगळ्या जातींच्या सगळ्या घरांचा मिळून आहे. आपल्या घरातली बाई या 299 मिनिटांच्या आधी आणि नंतर मजुरीही करून येते.

आता 1916 कडे येते. समाजशास्त्राच्या वर्गात आपण सगळे ‘कास्ट्स इन इंडिया’ वाचतो. 9 मे 1916 ला कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेला हा निबंध. लिहिणारा पंचवीस वर्षांचा. आपल्यातले बहुतेकजण त्यातून एक सूत्र परीक्षेपुरतं उचलतात: सजातीय विवाह हे जातीचं मूळ यंत्र. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही ते यंत्र चालवण्याची साधनं. जातीच्या आत बायका आणि पुरुष यांची संख्या सारखी ठेवायची, म्हणून ‘जास्तीच्या’ बाईची विल्हेवाट लावायची. एवढं लिहिलं की गुण मिळतात.

पण त्या निबंधात पुढे एक मुद्दा आहे आणि तो परीक्षेत येत नाही. बाबासाहेब विचारतात की या प्रथांचा एवढा गौरव का झाला असेल? सतीवर, वैधव्यावर, लहानपणीच्या लग्नावर एवढी स्तुतिस्तोत्रं का? त्यांचं उत्तर असं, की लोक या प्रथा थोर होत्या म्हणून पाळत नव्हते. प्रथा आधी पाळल्या जात होत्या आणि म्हणून त्यांना थोर म्हणावं लागलं. क्रूर गोष्ट गळी उतरवायची तर तिला गोड आवरण लागतं. गौरव नंतर येतो, आणि तो झाकायला येतो.

हे लिहिलं जात होतं तेव्हा लिहिणाऱ्याची बायको परळच्या चाळीत होती. स्वतः बालविवाहातून आलेली, कडेवर तीन वर्षांचं पोर. मला त्या निबंधाच्या मागे ती खोली दिसते. बाबासाहेबांच्या मनात तेव्हा ती होती की नव्हती हे मी सांगू शकत नाही आणि तसा दावाही करत नाही. पण त्यांनी दिलेलं हत्यार आपल्या हातात आहे, आणि ते फक्त ब्राह्मणांच्या सावित्रीवर चालवायचं, आपल्या घरातल्या गौरवगाथेवर नाही, असं त्यांनी कुठेही लिहून ठेवलेलं नाही. आपल्याकडे आधी बाई उपाशी राहिली. तिनं राहावं असं कुणी ठरवलं नव्हतं, परिस्थितीच तशी होती. पण नंतर त्या उपाशी राहण्याला आपण तत्त्वज्ञान केलं. आता परिस्थिती बदलली तरी तत्त्वज्ञान शिल्लक आहे. नोकरी लागलेला मुलगाही बायोडेटात लिहितो की मुलगी उच्चशिक्षित हवी आणि रमाईसारखी घर सांभाळणारी हवी. पतिव्रता हा शब्द आपण हद्दपार केला आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर रमाईला बसवलं.

खुद्द बाबासाहेब पुढे काय करत गेले तेही बघा. 28 जुलै 1928 ला मुंबई विधिमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं आणि भत्त्याचं विधेयक चर्चेला होतं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो तर बाळंतपणाचा खर्च त्यानंही उचलावा, आणि यात देशाचं हित आहे म्हणून सरकारवरही त्याचा मोठा भार यावा, अशी त्यांची मांडणी होती. राजरत्न जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आईपण थोर आहे, पवित्र आहे, असं भाषण त्यांना करता आलं असतं. त्यांनी बिल कुणी भरायचं ते विचारलं. 1938 च्या नोव्हेंबरात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाकडून आला आणि सभागृहानं तो फेटाळला. 1942 साली नागपूरच्या दलित महिला परिषदेत ते मुलींना सांगत होते की लग्नाची घाई करू नका, आणि लग्नानंतर बायकोनं नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं, गुलाम म्हणून नाही. रमाबाई जाऊन सात वर्षं झालेला माणूस हे बोलतोय. ‘माझ्या रमासारख्या व्हा’ असं काही त्यांनी तिथं सांगितलं नाही.

‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत तिच्या मनाच्या चांगुलपणाचा आणि शीलाचा गौरव आहे, तो मी लपवत नाही. पण तिथंच टंचाईचे आणि काळजीचे, कुणी मित्र नसलेले दिवसही नोंदवले आहेत, आणि ते दोघांच्या वाट्याला आलेले म्हणून नोंदवले आहेत. आपण गौरव उचलला आणि टंचाई सोडून दिली.

यावर मला दरवेळी एक उत्तर मिळतं, आणि ते हलकं नाही. आमच्या बायांना ‘माता’ कुणी म्हटलं होतं? मुरळी म्हणून सोडली, जोगतीण केली, पाटलाच्या वाड्यावर बोलावली, रस्त्यावर पदर ओढला. ज्या बाईला गावानं कधी अहो-जाहो केलं नाही, तिच्या जातीतली एक बाई आज चौकाचौकात मातोश्री आहे. हा सन्मान आम्ही लढून मिळवला. तो तुम्ही विद्यापीठात बसून सवर्ण स्त्रीवादाच्या चष्म्यातून खरवडू नका.

यातलं पहिलं सगळं खरं आहे. मातोश्री या शब्दामागे किती अपमान उलथवलेले आहेत हे मला माहीत आहे. घाटकोपरच्या वस्तीचं नावच माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. 11 जुलै 1997 ला पुतळ्याच्या विटंबनेनंतर तिथं पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. त्या नावासाठी लोकांनी काय मोजलंय हे कुणी मला शिकवू नये. माझं म्हणणं फक्त एवढंच आहे की सन्मान आणि देव्हारा या दोन वस्तू आहेत. सन्मान मिळालेल्या माणसाला प्रश्न विचारता येतो, त्याचा राग ऐकता येतो. देव्हाऱ्यातल्या मूर्तीला राग नसतो. रमाबाईंना राग येत नव्हता असं आपण कशावरून ठरवलं? पंढरपूरला जायची त्यांची इच्छा होती. जिथं आपल्याला बाहेर उभं केलं जातं तिथं कशाला जायचं, असं म्हणून बाबासाहेबांनी ती बाजूला ठेवली. ही हकीकत आपण बाबासाहेबांच्या बाजूनं सांगतो, आणि तत्त्वाच्या दृष्टीनं ते बरोबरच होते. पण चार लेकरं पुरलेल्या बाईला विठोबासमोर उभं राहून काय म्हणायचं होतं, हे आपल्या एकाही भाषणात आलेलं नाही. तसंच, 1928 साली मुंबईत निघालेल्या महिला मंडळाच्या अध्यक्षपदी त्या होत्या हेही येत नाही. गोवऱ्या येतात, अध्यक्षपद येत नाही.

सवर्ण स्त्रीवादाच्या आरोपाला उत्तर आपल्याच कपाटात आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे बाबासाहेबांच्या निष्ठावान, चळवळीत वाढलेल्या. संसार केला, मुलं वाढवली, दुकान चालवलं. आणि दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या लपवून, वर्षानुवर्षं लिहिलं. ‘जिणं आमचं’ पुस्तक होऊन आलं ते 1986 साली. वस्तीतल्या सुनांना काय भोगावं लागायचं हे त्यांनी कुणाची भीड न ठेवता लिहिलं. निष्ठावान पत्नी आणि आई म्हणून त्यांच्या शोकसभेत भाषण करता येईल, पण मग वह्या कुणापासून लपवल्या तेही सांगावं लागेल. रत्नागिरीच्याच मातीतलं ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ बघा. नवरा गेल्यावर टोपल्या, सुपं विणून घर चालवणारी आई त्यात आहे. ती बोलते, चिडते, आणि तिच्या हातातलं काम शेवटपर्यंत काम म्हणूनच दिसतं. या बायांना कुणी बाहेरून स्त्रीवाद आणून दिला नव्हता.

आणखी एक. वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया रमाईची गाणी म्हणतात ती कधी शांतपणे ऐका. वक्त्यांच्या भाषणात गुण असतात: सोशिक, शांत, समजूतदार. गाण्यात वस्तू असतात. शेण, पीठ, कंदील, फाटकं लुगडं, औषध. या बाया रमाईचा हिशोबच गात आल्या आहेत. मंचावर माईक मात्र गुण सांगणाऱ्याच्या हातात असतो.

सविता आंबेडकरांबद्दल दोन शब्द, कारण हा माप लावण्याचा धंदा तिथं उघडा पडतो. ज्या मापानं एक पत्नी पूज्य ठरली त्याच मापानं दुसरी वर्षानुवर्षं संशयित ठरली. एकीनं काय भोगलं त्यावर, दुसरीनं सेवा नीट केली की नाही त्यावर. दोघींपैकी कुणाचंही आयुष्य तिचं स्वतःचं म्हणून आपण वाचलं नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या पिढीतला मुलगा शिकायला जातो तेव्हा त्याच्या मागे आई असते, बहीण असते, पुढे बायको असते. पहिल्या पिढीतली मुलगी शिकायला जाते तेव्हा तिच्या मागे रमाई कोण? आई असते, असेल तर. आणि ती मुलगी स्वतःच कुणाचीतरी रमाई होण्याच्या रांगेत उभी असते. माझ्याबरोबर एमए केलेल्या आमच्या वस्त्यांमधल्या मुलींपैकी दोघींनी नेट काढली आणि लग्नानंतर नवऱ्याच्या स्पर्धा परीक्षेसाठी शिकवण्या घेऊन घर चालवलं. नवरे अधिकारी झाले तर फार छान फोटो येईल. पीएचडीच्या प्रबंधांचे ऋणनिर्देश वाचणं हा माझा छंद आहे, ग्रंथालयात कंटाळा आला की मी तेच करते. पुरुषांच्या प्रबंधात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात बायको असते: तिनं घराची जबाबदारी उचलली म्हणून हे शक्य झालं. बायांच्या प्रबंधात नवऱ्याचे आभार असतात ते त्यानं ‘परवानगी’ दिली म्हणून. आपल्या लोकांचे प्रबंधही याला अपवाद नाहीत.

प्रबंधाच्या सुरुवातीला आणखी एक ओळ असते: या संशोधनाला अमुक संस्थेचं अर्थसहाय्य मिळालं. माझी सूचना अशी आहे की आईचं नाव ऋणनिर्देशातून काढा आणि त्या ओळीत घाला. रकमेसकट. गाइड चिडेल, चिडू द्या. पुढच्या 27 मेच्या कार्यक्रमात चार वक्त्यांपैकी दोघांना बसवा आणि वस्तीतल्या दोन बायांना विचारा की पोराच्या शिक्षणासाठी कुठून किती काढलं, किती व्याजानं, फिटलं का. ते कागदावर उतरवा आणि समाजकल्याणच्या कचेरीत नेऊन द्या, अडकलेल्या शिष्यवृत्तीच्या निवेदनाला जोडून. महाराष्ट्र सरकारनं तिच्या नावानं घरकुलाची योजना काढली आहे, तर तिच्या नावानं थकबाकीचं व्याज मागायला काय हरकत आहे? आणि जे मुलगे हे वाचत असतील त्यांनी सुट्टीत घरी गेल्यावर त्या 299 मिनिटांतली निम्मी उचलावीत. भाषण न करता.

मी माझ्या घरचा हिशोब या दिवाळीत सुरू केला. आईला कर्जं सगळी आठवतात. कोणत्या गटाचं, किती हप्ते, जामीन कोण होतं, कोणत्या सेमिस्टरला. वही घेऊन तिच्यासमोर बसले की ती तारखेसकट सांगते. मग मी विचारलं, यात तुझी स्वतःची मजुरी किती गेली? ती म्हणाली, ‘ते काय मोजाची गोष्ट हाये का?’

वेचणी किलोवर असते, निंदण रोजानं. दर वर्षाचा भाव तिच्याबरोबरच्या बायांना विचारून काढावा लागतोय. 2013 पासून धरलं आहे, 2016 च्या हंगामापर्यंत झालंय.